दिवसाउजेडी ग्रीक

३ मार्च, सोमवार
अथेन्सच्या विद्यापीठाचा मेल आला. जुन्या दगडी इमारतींचं जतन, दोन वर्षांचा कोर्स, स्कॉलरशिपसकट. येणार की नाही ते ३१ मार्चच्या आत कळवायचं. येणारच. कोल्हापुरात आर्किटेक्ट होऊन मी लोकांच्या बंगल्यांना आणखी किती वर्षं रोमन खांब काढून देणार?

जेवताना घरी सांगितलं. तात्या एवढंच म्हणाले, "तिथं खाशील काय?" झालं. विरोध सुरू. वडील म्हणून त्यांच्याकडून मला हेच अपेक्षित होतं. शेती, औषधं-खतांचं दुकान आणि सूर्य बुडायच्या आत जेवण, यापलीकडे आमच्या घरात जग नाही.

आई म्हणाली, त्यांनी नुसतं विचारलंय. आईला राजकारण कळत नाही.

५ मार्च, बुधवार
प्लॅन तयार. कळंब्याच्या रस्त्याला 'ग्रीक कट्टा' नावाचं हॉटेल निघालंय. रविवारी सगळ्यांना तिथे नेणार. जैन माणूस ग्रीक जेवण जेवू शकतो, हे तात्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणार. मग विरोधाला जागाच उरत नाही. माझा स्वतःचा काही प्रश्न नाही. मी कुठेही राहू शकते.

अनेकांत (धाकटा भाऊ, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, अक्कल पहिलीतली) म्हणाला, "आक्का, मुरगूडच्या लग्नात तू तीन दिवस नुसती केळी खाल्लीस की!" ते वेगळं. तिथल्या आचाऱ्याने एकच झारा दोन कढयांत घातलेला मी पाहिला होता.

६ मार्च, गुरुवार
हॉटेलला फोन. मालकाचं नाव पृथ्वीराज. दुबईच्या हॉटेलात स्वयंपाकी होते म्हणे. मी विचारलं, ग्रीसमध्ये कधी होता का? म्हणाले, "न्हाई. पण शेजारच्या शेगडीवर ग्रीक होता की." माणसाचा पाया इथेच कळला.

हॉटेल उघडतं सातला. आम्ही दिवस असतानाच जेवतो म्हटल्यावर म्हणाले, "काळजी करू नका ताई. पाचला शटर वर करतो." दुसरा फोन : कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको. तिसरा : चीज कशाने विरजलेलं? काही चीजला वासराच्या पोटातला रस लागतो. म्हणाले, पनीर घालतो. चौथा : मध नको. म्हणाले, साखरेचा पाक करतो. पाचवा फोन व्हिनेगरबद्दल होता. उचलला नाही. यांना व्यवसाय म्हणजे काय हेच माहीत नाही.

८ मार्च, शनिवार
तात्यांना उद्या काहीच खाता आलं नाही तर हाल नकोत, म्हणून पहाटे उठून दशम्या करायचं ठरवलं. सोबत शेंगदाण्याची चटणी. फक्त तात्यांसाठी.

९ मार्च, रविवार, रात्री
अत्यंत सुमार.

भिंतीवर अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर रंगवलंय. समोरचे खांब आठ हवेत, सात आहेत. आम्ही गेलो तेव्हा फरशी पुसणं चाललं होतं. वेटरने तात्यांना विचारलं, "पावणं, जैन का रेगुलर?" तात्या म्हणाले, "जैनच. पण रेगुलर." यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. वेटर हसला.

आधी त्झात्झिकी आली. तिच्यातला लसूण काढला की उरते ती काकडीची कोशिंबीर. तात्या म्हणाले, "ही तर आपलीच की गं!" आणि वाटी पुसून खाल्ली. दही कधी विरजलंय, असं मी विचारलं. वेटर म्हणाला, "काल सांजचं असंल." 'असंल'वर मी जेवत नाही.

मग द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. पानं तासगावकडची. द्राक्षबागेवर किती फवारण्या होतात ते आमच्याच दुकानाला विचारा. मी तात्यांना डोळ्यांनी खूण केली. त्यांनी वेटरला बागवाल्याचं नाव विचारलं. ओळखीचा निघाला. म्हणाले, "व्हय व्हय. औषध मीच दिलंय, काय हुत न्हाई." आणि चार खाल्ले.

मुसाका, त्यांचा थर लावून भाजलेला पदार्थ : वांग्याऐवजी दुधी, बटाट्याऐवजी कच्चं केळं, खिम्याऐवजी सोयाबीन. म्हणजे मुसाक्यात मुसाका सोडून सगळं. एखाद्या ग्रीकाने पाहिला असता तर कोर्टात गेला असता. आईने दोनदा घेतला. मालक चौकशीला आले तर त्यांना कृती विचारली. वर म्हणाली, "घरात करून बघतो की मी." तात्या म्हणाले, "मीठ जरा कमी हाय. बाकी एक नंबर." घरच्या लोकांना काही चवच नाही.

मला ऑलिव्ह दिलं होतं. ते खारवलेलं असतं, आणि मुरलेलं लोणचं आमच्यात चालत नाही. मग ते लोणच्यात धरायचं की फळात? हे ठरेपर्यंत अनेकांतने ते तोंडात टाकलं. पानात काय आलंय ते आधी बघायचं, मग हात लावायचा. शाळेत जायच्या आधी, मांडीवर बसवून, बाराखडीबरोबर हे मला तात्यांनीच शिकवलंय. मी बघत होते. बघता बघता ताटं उचलली गेली.

ऊन होतं अजून. पर्स गाडीत राहिली असं सांगून बाहेर आले आणि गाडीत बसून दशम्या खाल्ल्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून.

परत येताना तात्या म्हणाले, "चला, खायची काळजी मिटली. जा तू बिनघोर." म्हणजे मी जिंकले. रात्री पोटात गोळा आला. मुसाका बाधला असणार. खाल्ला नव्हता, पण वास बराच वेळ घेतला होता.

१३ मार्च, गुरुवार
मेल लिहून ठेवलाय. पाठवायची घाई नाही.

आधी ग्रीक कट्ट्याला ऑनलाइन एक स्टार दिला. 'खांब एक कमी. दह्याची माहिती असमाधानकारक.' मालकाचं लगेच उत्तर : "ताई, पुढच्या खेपेला दही तुमच्यासमोर विरजतो." खोचक माणूस.

१९ मार्च, बुधवार
तात्यांनी मोठी सूटकेस आणली. निळी. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतायत, "पोरगी ग्रीसला चालली." युरियाचं पोतं न्यायला आलेल्या माणसाला ग्रीस काय करायचंय? दबाव आणायची ही जुनी पद्धत आहे. आधी विरोध, मग सूटकेस.

आईने विचारलं, तिथे गॅस असतो की शेगडी? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. ज्या देशाबद्दल एवढी साधी माहिती मिळत नाही, तो देश काय लायकीचा असेल?

२२ मार्च, शनिवार
आईने मुसाका केला. मीठ बरोबर होतं. मी ताक-भात खाल्ला.

२७ मार्च, गुरुवार
खोल विचार केला. हॉटेलातलं जेवण हा देशाचा आरसा असतो. जे लोक पार्थेनॉनचे खांब मोजत नाहीत, त्यांच्याकडे जाऊन मी दगडांचं काय जतन शिकणार? (खांब कोल्हापूरच्या पेंटरने काढलेत, असं अनेकांत म्हणतो. मुद्दा तो नाही.)

पुढे म्हणाला, "आक्का, तुला जायची भीती वाटत असली तर तसं म्हण की. हॉटेलाला कशाला शिव्या?" लहान आहे तो. मी दार लावून घेतलं.

३१ मार्च, सोमवार
सकाळी मेल पाठवला. तो लिहून ठेवलेला नाही, दुसरा. घरी सांगितलं, तिथल्या खाण्यापिण्याची व्यवस्था समाधानकारक नाही.

तात्या उठले. मग स्टूल घेऊन सूटकेस माळ्यावर टाकली. खाली उतरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला जमंल तसं." थोड्या वेळाने पुन्हा आले. म्हणाले, "ऊठ. तोंड बघ कसं केलंयस. ग्रीकला जाऊ. पृथ्वीराजला फोन केलाय, पाचला उघडतोय. दही सकाळी विरजलंय म्हणाला, त्याच्यासमोर."

मी म्हटलं, असल्या ठिकाणी मी दुसऱ्यांदा पाय ठेवत नाही. तिघं गेले. आईने जाताना नवी साडी नेसली होती. एका कट्ट्यावर जायला!

घरात स्वयंपाक नव्हता. स्वतःपुरतं काही करावं इतकं मन नव्हतं. डब्यात दशमी होती, काल मीच केलेली. आमच्यात आदल्या दिवशीचं चालत नाही. हिशेबाने टाकायलाच हवी होती. ती हातात घेऊन बसले, तोवर खिडकीतलं ऊन गेलं. दिवा लावायला उठले नाही. अंधारात पानात काय आलंय ते दिसत नाही.

खाल्ली. मीठ जरा कमी होतं.