प्रार्थनेसाठी की बघायला?

प्रिय एव्दोकिया,

रविवारी फोनवर तू एकच प्रश्न विचारलास: आई कायमची तुझ्याकडे थेसालोनिकीला येणार की नाही, हो किंवा नाही, एवढेच सांग. उत्तर माझ्यापाशी आहे. पण ते फोनवर दिले असते, तर तू पुढचे काही ऐकलेच नसतेस. म्हणून लिहितो आहे. घाईने शेवटच्या परिच्छेदावर उडी मारू नकोस.

आईची अट तुला ठाऊक आहे. इस्तंबूल सोडण्यापूर्वी एकदा थोरलीला भेटायचे. आईच्या तोंडून तिचे 'आयासोफ्या' हे खरे नाव मी क्वचितच ऐकले. आपल्या कुर्तुलुशच्या गल्लीतले चर्च ती धाकटी, आणि ती तिकडची थोरली. जशा काही जावाच. मी ही भेट टाळत आलो. तिचे गुडघे, माझे ऑफिस, तिथली गर्दी. कारणे सगळी खरी होती. गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो आणि त्यांतले एक कमी झाले.

गुरुवारी तिला नेले. फाटकावरच्या तरुण पहारेकऱ्याने विचारले, "आजी, प्रार्थनेसाठी की बघायला?" प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी खालचे दालन, बघायला येणाऱ्यांसाठी तिकीट आणि वरचा सज्जा. वरून कमानीतल्या जुन्या चित्रातली मरियम तिरपी का होईना, दिसते. खालून दिसत नाही, तिच्यापुढे पडदा असतो. आईचे गुडघे एका बाजूला आणि मरियमेचे दर्शन दुसऱ्या बाजूला, असा हिशेब जमवत मी उभा राहिलो. तोवर आई बोलूनही गेली, "प्रार्थनेसाठीच आलेय रे बाबा. कुणाची ते तेवढं विचारू नकोस." तो हसला. "ते माझ्या खात्यात येत नाही, आजी. चपला तेवढ्या काढा."

आत बायकांची जागा वेगळी. ती आडोशापलीकडे गेली आणि मी एकटाच घुमटाखाली उभा राहिलो. तुला आठवते, बाबा आपल्याला आणायचे तेव्हा ते संग्रहालय होते? कुणालाच प्रार्थनेची मुभा नव्हती. "चला, निदान सगळे सारखेच गप्प," असे ते म्हणत. बांधून वीसेक वर्षे होतात न होतात तोच हा घुमट एकदा कोसळला होता. सम्राटाने तो पुन्हा, अधिक उंच बांधून घेतला. पुढे नऊशे वर्षे आपली ग्रीकांची उपासना, मग पाचशेच्या आसपास वर्षे तुर्कांची नमाज, मग बाबांची ती शांतता आणि आता पुन्हा नमाज. उस्मानी कारागिरांनी बाहेरून भक्कम धिरे दिले नसते, तर आज भांडायलाही काही उरले नसते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना कबूल करवते. नंतर त्यांनी हाच घुमट गिरवत टेकड्याटेकड्यांवर मशिदी उभ्या केल्या. आई म्हणते, ती सगळी थोरलीचीच नातवंडे. आडनाव बदलले म्हणून नाक बदलते का?

आडोशापलीकडे काय घडले, ते मला परतताना ट्राममध्ये कळले. आईला खुर्ची देऊन शेजारच्या बाईने पाहुण्यांना देतात तसे तिच्या तळहातावर लिंबाचे कोलोन ओतले आणि विचारले, "मावशी, मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच."

"तसं नाही हो, त्याआधीच्या?"

"त्याआधीच्याही इथल्याच."

"मग तुम्ही आमच्याही आधीच्या. आमचं घराणं तिकडे लांब सिवासचं."

"म्हणजे पाहुणी तू. लाजू नकोस, ऐसपैस बस."

दोघी इतक्या मोठ्याने हसल्या, की कुणीतरी त्यांना दटावले. मी विचारले, "मरियम दिसली नाही ना?" आई म्हणाली, "पडदा होता. आतल्या खोलीत आहे म्हणायचं. मी हाक मारून आले." आणि मग, खिडकीबाहेर पाहत, "झालं. आता एव्दोकियाकडे जायला मी मोकळी."

मला हायसे वाटायला हवे होते. पण पुलावर ट्राम थांबली आणि तिला आपल्या आजीची गोष्ट आठवली. शहर तुर्कांच्या हाती पडले त्या दिवशी थोरलीतला धर्मगुरू अर्धी उपासना सोडून भिंतीत शिरला आणि एक दिवस तो बाहेर येऊन ती पुरी करणार आहे, ती गोष्ट. "येईल बिचारा," आई म्हणाली, "पण त्याच्या मंत्राला उत्तर द्यायला कुणी नसेल, तर पुन्हा भिंतीतच जाईल." ती हसली. मला हसता आले नाही. आपल्यात धर्मगुरू एकट्याने उपासना करू शकत नाही. उत्तर द्यायला किमान एक आवाज लागतो. धाकटीतले गायक वारल्यापासून तो आवाज आईचा आहे. बहुतेक रविवारी चर्चमध्ये आम्ही तिघेच असतो: फादर ख्रिसांथोस, आई आणि मी.

तर उत्तर असे. आई येणार आहे. मी येणार नाही. इतकी वर्षे तू आणि मी दोघेही समजत होतो, की मी आईमुळे इथे अडकलो आहे. आता ती मोकळी झाली आणि मी मात्र तसाच उरलो. माझा आवाज बेसूर आहे, पण फादरना सूर नको, माणूस हवा आहे. मी थकलो आहे, एव्दोकिया. हिवाळ्यात ते गारठलेले चर्च उघडायला जाताना पाय उचलत नाहीत. तुझ्या गच्चीत, समुद्राकडे तोंड करून, काहीही न करता बसावे असे मला फार वाटते. अडचण तीच आहे. आईला पोचवायला मी आलो, तर परत फिरणार नाही. म्हणून हे पत्र. तू इथे ये आणि तिला घेऊन जा. मी विमानतळाच्या दारापर्यंत सामान आणून देईन. फक्त निरोप घेताना, सवयीने किंवा मायेने, "दादा, तूही चल" असे म्हणू नकोस. मी येईन.

दमलेला, पण तुझाच भाऊ,
प्रोद्रोमोस