कडक भाकरीला मिलबाहेरचे गिऱ्हाईक

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
पर्यायी रोजगार कक्ष, सोलापूर.

विषय: दुधनीच्या व्यापाऱ्याचे खरेदीपत्र ग्राह्य धरून कडक भाकरीच्या वाळवणासाठी गाळा मिळणेबाबत.
संदर्भ: आपले त्रुटीपत्र, दि. २० जानेवारी २०२५.

महोदय,

मी सात वर्षांची असताना टॉवेल मिलचा जमादार सोमशेखर पहाटे आमच्या वस्तीतून हाळी देत जायचा, "चला गं बायांनो, चुली विझवा, माग वाट बघत्यात!" आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळायची. तेव्हापासून आमची वस्ती मिलच्या तालावर उठते, जेवते, निजते. लग्नाची तारीखसुद्धा आम्ही पंचांगाआधी पाळीच्या कागदावर बघतो.

१. दिवाळीनंतर मिलने तिसरी पाळी बंद केली. त्याच महिन्यात पिठाची गिरणी एकच वेळ चालू लागली, चहाचे दोन गाडे उठले. धुळा न्हावी म्हणतो, "दाढ्या लई वाढल्यात, पर खुर्चीत कुणी बसंना."

२. आपल्या फलकावर "एकाच कारखान्यावरील अवलंबन कमी करणे" असे लिहिले आहे. ते वाचून आम्ही अकरा जणींनी गट केला. आमची ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. दुधनीचे व्यापारी विरुपाक्ष आठवड्याला पाचशे नग घेण्यास तयार आहेत. उणीव आहे ती फक्त गाळ्याची.

३. त्रुटीपत्रात आपण कळवता की ग्राहक "मोठी आस्थापना" असावी. आमच्या भागात तशी आस्थापना एकच, मिल. म्हणजे मिलपासून सुटायला मिलचाच कागद आणायचा. खिडकीवर मी तसे बोलले, तर आपले लिपिक देवदत्त साहेब म्हणाले, "मग आणा की मिलचं, बाई. नियमात बसतंय ना!"

४. मिलचे मॅनेजर कागद देतात, पण अट घालतात: पाच वर्षे भाकरी फक्त मिलच्या कँटीनला, बाहेर एकही नाही. हे ऐकून गटातल्या गोजाबाई म्हणाल्या, "आगं सिद्धेश्वरी, दावं सोडवाया गेलो, तर त्येनी नवं दावं वळून दिलं की!" बायका हसल्या. मला हसू आले नाही.

५. कारण, महोदय, "मी सही न करता परत आले" असे मी गटातल्या बायकांना सांगितले होते. ते खोटे होते. सही मी त्याच दिवशी केली. माझी मुलगी उत्कर्षा चार वर्षे पॅकिंगमध्ये हंगामी आहे. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही सही करा, पोरीचं कायम करून टाकू." माझ्या एका सहीने अकरा जणी बांधल्या गेल्या. तो कागद मिलने सोमवारी आपल्याकडे परस्पर दाखल केला आहे. त्यावर आपला शिक्का पडू नये, एवढीच हात जोडून विनंती. त्यामागे गटाचा ठराव नाही. उत्कर्षाला उद्याच घरी बसवतील, हे मला कळते. तरी लिहिते आहे. आणि आज सकाळी हा अर्ज मी गटासमोर मोठ्याने वाचला.

शिक्क्याआधी पोचावा म्हणून स्वतः अर्ज घेऊन आलेली,
सिद्धेश्वरी बसवराज हत्तुरे
अध्यक्ष, कडक भाकरी महिला गट
दि. १३ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१. विरुपाक्ष यांचे खरेदीपत्र.
२. भाकरीचा नमुना, दोन नग.
३. मिलचा कागद मान्य नसल्याबद्दल गटाच्या सह्या, माझ्याखेरीज नऊ. गोजाबाई अर्ज वाचून होण्याआधीच उठून गेल्या.