तिसरा साक्षीदार

ती. आप्पासाहेब काकांना सा. न.

मलेशियाच्या निवृत्ती व्हिसासाठी तुमच्या फायलीत एकच कागद कमी आहे, तुमच्या विवाह नोंदणीचा दाखला. त्यासाठी एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार हवेत. दोघांच्या सह्या झाल्या. तिसरी जागा माझ्यापुढे सरकवत तुम्ही म्हणालात, "ठोक सही. कोण बघतंय?"

काकू हसल्या. "अहो, हिची आईबी तव्हा पाळण्यात व्हती!"

मी सही केली नाही. तुमच्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यात राहून मी शिकले. आमच्या घरातली पहिली सही माझीच. तीच खोटी करायला हात धजेना.

मी म्हणाले, "माझी आजी आहे की. दगडाबाई काकूंची पाठराखीण होती." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "परदेशी जाणाऱ्या कागदावर अंगठा बरा दिसत नाय."

तेव्हा मी गप्प बसले, त्याची अजून लाज वाटते.

काल अजिंठ्याला आजीकडे आले. आजी म्हणाली, "तुझी काकू, द्वारकी, लग्नानंतर सासरी पाच दिस माझा पदर धरून निजली. मला नाय ठावं तर कुणाला?"

निघण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारलं होतं. अंगठा चालतो.

हे पत्र टाकत नाही, काका. उद्या सकाळच्या एसटीनं आजीलाच घेऊन येते. अंगठा तिचा असेल, आणि तो माझ्यासमोर उठवला म्हणून शेजारी सही माझी. ती मी बेधडक करीन.

तुमची,
संजीवनी