राखाडी भिंतीची खोली

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांचा संगणक आज तीनदा बंद पडला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मुख्याध्यापकांचा अर्धा कोट रंगवून झाला होता — गेला! सेव्ह केलेलं नव्हतं. बाबा शांत होते. "अकरा वर्षं चालला. माणूसही इतकं ऐकत नाही," एवढंच म्हणाले.

नवा घ्यायचाच. निवड माझ्याकडे आली, कारण मी दिवसभर प्रयोगशाळेत संगणकांचे पडदेच तपासते.

काम मोठं आहे. शाळेच्या अकरा जुन्या मुख्याध्यापकांचे काळे-पांढरे फोटो रंगवून द्यायचे. एप्रिलच्या शेवटी दालनात लागणार. हाताने फोटो रंगवायचा त्यांचा स्टुडिओ बंद झाल्यापासून असं काम बाबांकडे आलेलं नाही. कुणी विचारलं तर "असंच, वेळ जायला" म्हणतात. पण दाढी आता रोज करतात.

१२ फेब्रुवारी

तक्ता केला. चौदा यंत्रं, बावीस रकाने. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि यातल्या कुठल्यावर अक्षरं मोठी दिसतात ते विचारलं. ती सेटिंग असते, निवडीचा निकष नव्हे, असं मी सांगितलं.

"मला आपला लॅपटॉप बरा. घरभर नेता येतो."

घरभर म्हणजे अडीच खोल्या! शिवाय लॅपटॉप हलवला की प्रकाश बदलतो, आणि प्रकाश बदलला की रंगाबद्दलचं मत बदलतं. हे समजावलं. ते "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" म्हणजे होकार नसतो, हे मला माहीत आहे. नोंद करून ठेवते, इतकंच.

१५ फेब्रुवारी

दुकानात गेलो. दुकानदाराला आत्या 'दोन मिनिटं' म्हणते — तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढीच थांबायला सांगतो, आणि माणूस तासाने बाहेर पडतो. माझा तक्ता त्याने शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, "ताई, तुम्ही मशीन घेताय की स्थळ बघताय?"

बाबा हसले. मग पलीकडे जाऊन एक लॅपटॉप उचलून पाहत राहिले. दोन्ही हातांवर तोलत होते, लहान मूल घ्यावं तसा. मी हाक मारली. ठेवून आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

डेस्कटॉपच घेतला. मागची अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींना राखाडी रंग दिला, खिडकीला जाड पडदा. पांढऱ्या किंवा रंगीत भिंतीचा उजेड संगणकाच्या पडद्यावर पडतो आणि नजर फसते. राखाडी भिंत फसवत नाही. आत्या वरच्या मजल्यावरून बघायला आली. "भावाला माझ्या कोठडीत टाकलंस की गं," म्हणाली. बाबा म्हणाले, कोठडी नाही, लेकीने काढून दिलेला स्टुडिओ आहे.

रंग मोजायचं उपकरण लावून पडदा मोजला. सरासरी चूक ०.७. डोळ्याला कळणारसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी

बाबा म्हणतात पडदा पिवळा आहे. मोजला. नाही.

१ मार्च

पुन्हा पिवळा. शिवाय डावीकडची साधनांची पट्टी "मधेच गायब होते". मी मागे उभी राहून पाहिलं. पट्टी जागेवरच होती. त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांनाही सापडली. सवयीचा प्रश्न आहे. उजवीकडे हलवून दिली.

जुन्या संगणकावर काम करायचे तेव्हा सारख्या हाका असायच्या. "जरा ये गं, हा कोट राखाडी की हिरवट?" मी माझ्या टेबलावरूनच सांगायचे — आकडे बघा. लाल, हिरवा, निळा, तीन आकडे. आकडे खोटं बोलत नाहीत. आता मागच्या खोलीचं दार लावलेलं असतं. हाका बंद झाल्या. त्यांना एकाग्रता मिळते आहे, मलाही.

८ मार्च

पडदा बदलून घ्यायला दुकानात. 'दोन मिनिटं'ने कुरकुर न करता दुसरा काढला. जोडला. बाबांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, हाही जरा पिवळाच वाटतो. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. माझ्या बॅगेत उपकरण होतं. तिथेच लावून मोजलं, आकडा त्यांच्यासमोर धरला आणि मी म्हणाले:

"पडदा बरोबर आहे, बाबा. चूक बघणाऱ्याची आहे."

'दोन मिनिटं' पावतीकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, "असेल."

परतताना रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला. एरवी धरत नाहीत. राग नाही असं सांगताहेत, असा मी अर्थ घेतला.

१४ मार्च

पडद्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न मिटला.

२२ मार्च

शाळेचा कारकून पहिले पाच फोटो परत घेऊन आला. माणूस सभ्य, आडवळणाने बोलत होता. काम सुंदरच आहे, कोटाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत. फक्त — "सगळे सर थंडीत कुडकुडताहेत असं वाटतं हो."

मी फोटो हातात घेतले. त्वचा निळसर. ओठ जांभळट. पाचही माणसं नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. बाबा माझ्याकडे बघत होते. फोटोंकडे नाही. माझ्याकडे.

महिनाभर हे काम याच घरात चाललं होतं. यातलं एकही चित्र पाहिलं नव्हतं! पडदा पाहिला होता.

२४ मार्च

प्रयोगशाळेत पाचही फोटो मोजले. निळा जास्त — पाचहीत एकाच दिशेने, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. चुकून झालेली चूक इकडे-तिकडे विखुरते. सगळी एका बाजूला झुकली की दोष मोजणाऱ्या साधनात असतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. साखळी अशी: पडदा, छपाई, डोळा. पहिली दोन मोजलेली आहेत.

घरी आल्यावर एक पांढरा आणि एक फिकट पिवळा कागद त्यांच्यासमोर ठेवला. यातला पांढरा कुठला?

बराच वेळ बघून म्हणाले, "दोन्ही सारखेच की."

ज्याला जग पिवळं दिसतं तो पांढरं करायला निळा घालत जाणार. सरळ आहे. मला दुकानात उभं राहून सुचायला हवं होतं.

२६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टर. मोजकं बोलणारी बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. तो काढता येईल, पिवळेपणा जाईल. पण डाव्या डोळ्यात काचबिंदूही आहे. त्याने डावीकडची बरीच नजर नेली आहे.

ती परत येईल का, मी विचारलं.

"गेलेली येत नाही. आहे ती राखायची. वर्षभर आधी आणलं असतं तर पुष्कळ राखता आली असती."

बाबांनी मधेच विचारलं की उजव्या डोळ्याने रंगकाम जमेल ना. त्या म्हणाल्या, बघू.

डावीकडची पट्टी! एक मार्चला मी स्वतः लिहिलं आहे. वाचलं. मोठ्या अक्षरांचं बारा फेब्रुवारीला. दंड धरल्याचं आठ मार्चला. नोंदी चोख आहेत माझ्या.

२९ मार्च

बावीस रकाने होते. 'वापरणारा' हा रकाना नव्हता.

३ एप्रिल

मी बाबांना म्हटलं, उरलेले फोटो तुम्ही रंगवा, रंग मी तपासते, रोज संध्याकाळी. त्यांनी सकाळीच शाळेला फोन करून काम सोडलं होतं. मला न विचारता. तिकडे कुणी म्हणालं असावं की थांबू आम्ही, कारण बाबा हसून म्हणाल्याचं आत्याने ऐकलं, "अहो, मुख्याध्यापकांना किती दिवस कुडकुडत ठेवणार?"

फोन ठेवल्यावर ब्रशचा जुना डबा काढून बसले होते, असंही तिने सांगितलं. एकेक ब्रश पुसला आणि परत ठेवला. आज दाढी केली नव्हती.

७ एप्रिल

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी उद्या निघेल.

८ एप्रिल

पट्टी निघाली. दवाखान्याच्या भिंतीकडे बघून बाबा म्हणाले, "अरे, ही पांढरी आहे!" घरी आल्यावर पाच फोटो मागितले. मी नाही म्हणत होते. त्यांनी एकेक खिडकीशी नेऊन पाहिला. "असे दिले मी?" मग फोटो पालथे ठेवले, आणि मला चहा करायला सांगितला.

१३ एप्रिल, रविवार

मागची खोली आवरत होते. डेस्कटॉपवर कापड घातलं. बाबा दारात उभे. मी पाठमोरीच विचारलं — तेव्हा लॅपटॉप कशासाठी हवा होता?

आधी म्हणाले, असंच. मग म्हणाले:

"रंग दोन वर्षांपासून फसवत होते गं. हाक मारली तर तू उठत नाहीस. म्हटलं, मशीनच उचलून तुझ्या शेजारी येऊन बसावं."

माझ्या टेबलापासून राखाडी भिंतीपर्यंत अकरा पावलं आहेत. आज मोजली.