दोन हाकांना ओ

प्रिय विवेक,

दोन नेटवर्क जोडणारा आपला पूल अजून चालू आहे. हे आधी सांगते, नाहीतर तुझा जीव वर-खाली होईल. मुख्य ब्लॉकचेनवर गर्दी झाली म्हणून लोक वेगवेगळ्या वेगवान नेटवर्कवर गेले. एकीकडून निघालेला व्यवहार दुसरीकडे पोहोचताना मधेच लटकू नये, दोन्हीकडे पुरा व्हावा नाहीतर कुठेच होऊ नये, एवढ्यासाठी बालाघाटच्या या खोलीत आपण किती डोकं फोडून घेतलं! आणि या पुलाला लावायचं कुलूप सुचवलं कोणी, तर तुझ्या आईंनी. दिवेलागणीला बाहेरून कुणी हाक मारली की त्या मला गप्प बसवायच्या. "तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको वं. मेलेलं माणूस दोनदाच बोलावते. ओ देल्ली का नेते संगं." मी हसले. तू मात्र तेच कोडमध्ये घातलंस. पलीकडच्या नेटवर्कनं सही करून तीनदा हाक दिल्याशिवाय आपली बाजू ओ देणार नाही.

पलीकडच्या सहीची चावी, पेनड्राइव्हएवढी, तुझ्या खिशात असायची. लामत्याहून येताना नाल्यावरच्या बुटक्या रपट्यावर पुराच्या पाण्यानं तुला नेलं. तू सापडलास, चावी नाही. मी नवी बसवली, पण जुनी रद्द करायला हात धजला नाही. रागाव हवं तर.

पोळ्यानंतर त्या जुन्या चावीच्या सहीनं हाका येऊ लागल्या. दिवेलागणीला एक, मग दुसरी, मग काही नाही. आपल्यासोबत कोड लिहिणारा पियुष म्हणाला, चावी सापडलेला चोर असेल. खरं सांगू, मलाही चोरच असावा असं वाटत होतं. पण आपला कोड सगळ्यांसमोर उघडा आहे. तो वाचून चोरानं तिसरी हाक देऊन सगळे पैसे उचलले असते. दोनवर थांबून त्याला काय मिळतं?

आईंना मी काही बोलले नव्हते. पण स्क्रीनवर तुझं नाव उमटतं, आणि तेवढं त्यांना वाचता येतं. परवा दुसरी हाक आली तेव्हा त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. मी त्यांचं तोंड दाबायच्या आत म्हणाल्या, "हौ बाबू, येऊन राह्यली."

तेव्हापासून हाका बंद आहेत. मी तुझी चावीही रद्द केली. पण आई धुतलेलं लुगडं नेसून, चपला घालून दारात बसल्या आहेत. जेवत नाहीत. काहून बसल्या विचारलं की म्हणतात, "तो घ्याले येऊन राह्यला ना."

मी हे असलं मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी भीती वाटते, म्हणून लिहिते आहे. दोन्ही बाजूंनी झालं तरच व्यवहार पुरा, हा नियम तूच घातलास. त्यांनी ओ दिली आहे. तू येऊ नकोस. आईंना नेऊ नकोस, विवेक.

तुझीच,
संघमित्रा