नाकावरचा विश्वास

१४ नोव्हेंबर
यांनी दारू सोडून दोनशे सहा दिवस. सहाला आले. बूट काढायच्या आधीच तोंड पुढे — ‘हाऽ!’ मी हुंगलं. ‘ठीक.’ मग जेवण.

युक्ती यांचीच. ‘माझ्या शब्दावर नको, नाकावर विश्वास ठेव. तू पुरे म्हणेपर्यंत रोज करीन.’ मला अजून पुरे म्हणवत नाही. अठरा वर्षं ‘आजचा शेवटचा’ ऐकलंय मी!

१८ नोव्हेंबर
सर्दी. ताप. पडून आहे.

२५ नोव्हेंबर
ताप उतरला. सेंदाईहून ताईचा फोन. ‘मित्सुए, आता तरी सुखात असशील ना गं!’ हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? पिऊन यायचे तेव्हा निदान बडबडायचे, गायचे, रडायचे. आता समोरासमोर बसून भात-मासा खातो आणि टीव्ही बोलतो. इतकी एकटी मी तेव्हाही नव्हते. लिहायला लाज वाटते.

२९ नोव्हेंबर
यांनी बैठकीत नवी तातामी बसवली. तीस वर्षं लोकांच्या घरी या गवती चटया बसवल्या, आपल्या घरी पहिल्यांदा! ‘वास बघ, कसा हिरवागार!’ गुडघे टेकून नाक लावलं — काही नाही. ‘छान,’ म्हटलं. गुपचूप कॉफीचा डबा उघडला. लोणच्याचा उघडला. काही नाही!

म्हणजे आजारपणापासून मी नुसतंच ‘ठीक’ म्हणतेय. मला वाटायचं, वास नाही म्हणजे दारू नाही.

६ डिसेंबर
डॉक्टर म्हणतात, वास परत येईल, पण महिने लागतील. यांना सांगणार नाही. कळलं तर रान मोकळं! रोज वाकते, हुंगते, ‘ठीक’ म्हणते. नाटकात जायला हवं होतं मी.

११ डिसेंबर
दारूमुक्ती मंडळाची बैठक. तिथे बायकांनीही बोलायचं असतं. ओकुनोबाई म्हणाल्या, ‘नशीब काढलंत हो! मी हुंगायला गेले की आमचे अंगावर यायचे.’ सगळे हसले. माझी पाळी आली. ‘सगळं ठीक आहे,’ म्हटलं आणि खाली बसले.

२० डिसेंबर
यांच्या दुकानाची वर्षअखेरची मेजवानी. आठला आले. चेहरा लाल. थंडीने? की...? ‘हाऽ!’

‘काय प्यालात?’

‘चहा! चार पेले!’ आणि खळखळून हसले. प्यायल्यावर असेच हसायचे.

‘ठीक.’ न्हाणीघरात नळ सोडून रडले. विचारायचं तरी कुणाला!

२२ डिसेंबर
सकाळी हे म्हणाले, ‘तुला वास येत नाही, ठाऊक आहे मला. गेल्या महिनाअखेरीस गॅस उघडा राहिला होता आणि तू शेजारीच मुळा किसत बसली होतीस. तेव्हापासून कामाला निघताना मीच गॅसचा खालचा कॉक बंद करून जातो.’

मी गारच पडले. ‘मग रोज दारात ते हाऽ कशाला?’

‘तेवढ्यापुरती तरी तू जवळ येतेस.’