सिंहासन तेवीसला भाड्यानं गेलं

२ नोव्हेंबर, रविवार

मेघा जाणार!

आज मृतांचा दिवस. सकाळीच कब्रस्तानात गेलो. आईबाबांच्या कबरी धुतल्या, झेंडूचे हार घातले, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना, म्हणून मी कबरीमागं खाली बसून हाताचा आडोसा केला होता. पलीकडे मेघा आणि कॉन्व्हेंटातली सिस्टर बोलत उभ्या. मी दिसत नव्हतो. पण माझे कान! मांडवाच्या त्या टोकाला नवरदेवाचा मामा भाजीला नाव ठेवतो, ते मला ह्या टोकाला ऐकू येतं. धंदा त्याच्यावरच उभा केला आहे.

सिस्टर म्हणाली, "घरी कधी सांगणार?"

मेघा म्हणाली, "वर्ष संपताना. ख्रिस्तराजाच्या सणाला सांगते, सिस्टर. जूनमध्ये कॉन्व्हेंटात यायचं तर तेव्हा तरी सांगायलाच पाहिजे."

एकुलती एक पोर. नन होणार. आणि बापाला हे कळतं ते त्याच्या बापाच्या कबरीमागं बसून!

मेणबत्ती विझलीच.

३ नोव्हेंबर

हिला, मेघाच्या आईला, काही सांगितलं नाही. ही रडेल. ही रडली की मेघाला कळेल की मला कळलं.

दिवसभर वाडीच्या गोदामात मेघाकडे बघत होतो. लग्नसराईसाठी जाजमं झटकून घेत होती, आणि नेहमीसारखी गुणगुणत होती. चर्चमधलं कुठलं तरी गाणं, शब्द कमी, हूं-हूं जास्त. लहानपणापासून तिचं हे असंच. केशव म्हणतो, "मेघाताईचा रेडिओ सुरू असला का हात आपोआप चालते." केशव माझा जुना सोबती. मी दुसऱ्याच्या बिछायतीत गाद्या उचलायचो तेव्हा गादीचं दुसरं टोक ह्याच्या डोक्यावर असायचं. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. नाव दिलं 'मेघा बिछायत केंद्र'. ती तेव्हा पाळण्यात होती. भाड्यानं द्यायला मंडप, खुर्च्या, भांडी, गाद्या — आज सगळं आहे.

कोणासाठी?

५ नोव्हेंबर

डोकं चालवलं. रडून कोणाचं काम झालं आहे!

ख्रिस्तराजा म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. तीस तारीख. त्याच्या आत पोरीसमोर चांगला मुलगा आणून बसवायचा. अमरावतीचं स्थळ आहेच — अमोल, कॅथलिक, बँकेत नोकरी, हिच्या मावसबहिणीच्या ओळखीतला. फोन केला. त्यांना तेवीसचाच रविवार जमतो. म्हटलं, या! सणाच्या पूर्ण हप्ताभर आधी. एकदा मुलगा समोर हसला, दोन गोष्टी बोलला, की पोरीचं मन आहे शेवटी.

संध्याकाळी महादेवराव आले. ट्रान्सपोर्टवाले, जुनं गिऱ्हाईक. मुलीचं लग्न तेवीसलाच. मुलगी सोबत होती, तिनं लाल मखमलीचं सिंहासन पसंत केलं — सोनेरी सिंहांचे हात असलेलं. माझं सगळ्यात भारी. दोन वर्षांपासून ख्रिस्तराजाच्या मिरवणुकीला मी तेच देतो. टेम्पोवर मांडायचं, त्यावर राजाची बसलेली मूर्ती — डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोळा. भाडं घेत नाही. पण मिरवणूक तीसला. तेवीसला मोकळं आहे. दिलं!

झोपताना राजाला मनात म्हटलं, बघा साहेब, तुमच्या बसण्याची व्यवस्था मी करतो. तुम्ही माझ्या घरातलं एवढं माणूस राहू द्या.

९ नोव्हेंबर, रविवार

मेघाला स्थळाचं सांगितलं. "येऊ द्या की, पप्पा," म्हणाली. इतकी सहज! ह्याचीच भीती वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेलो!

चर्चमध्ये मिस्सा संपताना फादरनी जाहीर केलं — पुढच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण, दुपारी मिरवणूक, सगळ्यांनी यावं. पुढच्या रविवारी! मी हिच्याकडे बघितलं. ही शांत.

घरी येऊन भिंतीवरचं लग्नतिथींचं कॅलेंडर वर उचललं. त्याच्याखाली चर्चचं कॅलेंडर, मीच झाकून टाकलेलं. आठवड्यांमागून आठवडे हिरव्या रंगाचे. तेवीस पांढरी, सणाची. तीस जांभळी. आमचं वर्ष डिसेंबरात संपत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तिथून नवीन वर्ष सुरू, आणि त्याच्या आदल्या रविवारी राजाचा सण — जुन्या वर्षाचा शेवट. मागची दोन वर्षं तो नोव्हेंबरचा शेवटचा रविवारच होता. ह्या नोव्हेंबरात पाच रविवार आहेत हे कोणाच्या लक्षात!

ही म्हणाली, "अख्ख्या गावाच्या लग्नाच्या तिथ्या तुमाले तोंडपाठ! अन् आपल्या देवाचा दिवस मालूम नाही?"

म्हणजे मेघा तेवीसला सांगणार. पाहुणे तेवीसला येणार. सिंहासन तेवीसला भाड्यानं गेलं.



१८ नोव्हेंबर

अमरावतीला फोन. तारीख पुढं ढकलता येते का? "आमची तिकिटं झाली, भाऊ. सण आहे ना? उलट चांगलं! मिरवणुकीत येतो आम्ही." देवभोळी माणसं. काय बोलणार!

मग सिंहासनाच्या मागं लागलो. कळमन्याच्या बाजूला एक बिछायतवाला आहे, तो फोनवर हसत सुटला — "तुमच्याकडचं संपलं म्हणून माझ्याकडे? भाऊ, तेवीसला माझ्या घरातला सोफा पण लग्नात जाऊन राहिला."

शेवटी महादेवरावांच्या अंगणात गेलो. मांडवाचे बांबू आमचेच, आमचीच पोरं वर चढलेली. चहा आला. मी हळूच विषय काढला — फुलांचा झोपाळा देतो, नवीन आहे, आणि हे सिंहासन घेऊन जातो, आमच्या देवाची मिरवणूक आहे. महादेवराव रागावले नाहीत. उलट माझ्या मांडीवर हात ठेवला.

"कसं हाये भाऊ, तुमचा राजा दरसाल बसते त्या खुर्चीवर. माही पोरगी एकदाच बसणार हाये. मंग तिचं घर वेगळं."

चहा तसाच ठेवून उठलो.

२० नोव्हेंबर

फादरना सांगितलं. ते जोरात हसले. "क्या भाऊ, राजा को कुर्सी नहीं? खड़ा रखेंगे!"

म्हटलं, फादर, मूर्ती बसलेली आहे. उभी कशी करणार?

आता ते पण विचारात पडले.

२१ नोव्हेंबर

आज हिला सांगितलं. कब्रस्तानातलं सगळं. पोटात ठेवून ठेवून दुखायला लागलं होतं.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले मालूम हाये. दिवाळीपासून."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी असंच काहीतरी कराल म्हणून." मग दुसरी जुडी सोडत, "अन् त्या पोराले बिचाऱ्याले काहून बोलावलं? त्याचा काय गुन्हा?"

मी म्हटलं, तुला चालतं का ती गेलेली? ही मेथीच्या काड्या पण पानांतच टाकत होती.

२२ नोव्हेंबर

उद्या. एका दिवसात दोनदा दाढी केली. माझ्या लग्नात सुद्धा असं झालं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. ख्रिस्तराजा

सकाळी सिंहासन महादेवरावांकडे गेलं. दोर केशवनं बांधला. मी बघितलं नाही.

दुपारी चर्चसमोर टेम्पो उभा, बाया माळा घेऊन उभ्या, आणि मूर्ती कशावर ठेवायची ह्याचा पत्ता नाही. मी अजून फोनच लावत होतो. तेवढ्यात मेघानं गोदामातून लोखंडी घडीची खुर्ची आणली — पंगतीची वाट बघत लोक बसतात ती. वर पांढरी चादर, पिना, शेवंतीच्या माळा. "झालं, पप्पा."

"अवं, राजा हाये तो!"

"टोचली तर सांगेल तो."

बाया हसल्या. मी पण हसलो असतो, दुसऱ्या कोणाची पोर असती तर.

अमरावतीचे पाहुणे जेवण करून सोबतच आले होते. खुर्ची डुगडुगायला लागली, तसा अमोल कडक इस्त्रीच्या शर्टात टेम्पोवर चढला आणि खुर्चीचा पाय धरून खाली बसला. मेघा दुसऱ्या बाजूनं. दोघं बोलत होते. असा मुलगा! मी मनातल्या मनात मांडव घालून टाकला.

मिरवणूक अमरावती रोडला लागली. गोदामांसमोर ट्रक लागलेले. एक ड्रायव्हर चाकाजवळ स्टोव्हवर पोळ्या करत होता, तो कणकेचे हात जोडून उभा राहिला. पुढं पोरंसोरं, मधे टेम्पो, मी अगदी मागं. नाक्यावर वारा सुटला आणि चादर मागून उडाली. पिना निघाल्या. खुर्चीच्या पाठीवर आमचं नाव रंगवलेलं आहे, सगळ्याच खुर्च्यांवर आहे. 'मेघा बिछायत केंद्र, वाडी'. केंद्र आणि वाडी कधीची घासून गेलेली. 'मेघा' तेवढं स्पष्ट.

राजा पुढं तोंड करून चाललेला, आणि त्याच्या पाठीशी माझ्या पोरीचं नाव. चर्चला परत येईपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही. खुर्च्यांवर नाव काहून टाकतो आम्ही? लोकांनी नेऊ नये म्हणून!

संध्याकाळी पाहुणे निघाले. अमोलच्या आईनं हिचा हात धरला. "पोरगी सोन्यासारखी आहे, ताई. तिनं अमोलला टेम्पोवरच सगळं सांगून टाकलं. आमच्या मनात काही नाही." अमोल पाया पडला माझ्या. शर्टाला ग्रीस लागलेलं.

मग मेघा समोर बसली. जूनचं सांगितलं. मला आधीच माहीत आहे हे तिला माहीत होतं. आईकडून गेलं असणार. ह्या घरात फक्त मीच गुपित ठेवतो!

"मी ठरवलं आहे, पप्पा. पण तुम्हाला दुखवून नाही जाणार. तुम्ही नाही म्हणाल, तर नाही. परत विचारणार पण नाही."

मी म्हटलं, "नाही."

इतक्या झटकन! गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की म्हणतो, तसं.

"बरं," म्हणाली. उठली, ताटं आत नेली.

जिंकलो.

२४ नोव्हेंबर

कालचा शेवटचा शब्द आज वाचला. त्याच्यापुढं काही लिहवत नाही.

२६ नोव्हेंबर

तोंड पाडलं असतं तर बरं होतं. भांडली असती तर अजून बरं — भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण सगळं नेहमीसारखं! "पप्पा, जेवून घ्या." "पप्पा, पातेली कल्हईला पाठवली." वेळेवर येते, वेळेवर जाते. तरी गोदामात शिरलो की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सामान बघितलं. सगळं जागेवर.

दुपारी केशव जवळ आला. "भाऊ, रेडिओ बंद हाये. सेल संपले का?"

मी म्हटलं, काम कर बे आपलं.

आणि तेव्हापासून कान लावून बसलो आहे. गाद्या टाकल्याचा आवाज येतो. खुर्च्या लागल्याचा येतो. तिच्याकडून नुसतं काम ऐकू येतं.

२८ नोव्हेंबर

सिंहासन आणायला महादेवरावांकडे स्वतः गेलो. मांडव उतरला, अंगण मोकळं झालं होतं. मखमलीत अक्षता अडकलेल्या, त्या ते एकेक करून काढत बसले होते. म्हटलं, राहू द्या, पोरं झटकतील. "राहू दे गा," म्हणाले, आणि काढतच राहिले.

मग स्वतःशीच हसले. "पोरगी दिवसातून तीन-तीन खेपा फोन करून राहिली, भाऊ! आज काय जेवले, गोळी घेतली का. घरी होती त दोन शब्द बोलायले तयार नव्हती." हसता हसता डोळे पुसले. फोन बाजूलाच ठेवला होता, स्क्रीन वर करून.

येताना टेम्पोत मागं सिंहासनाजवळ बसलो. त्याच्यावर बसलो नाही. खाली बसलो, पाय धरून.

३० नोव्हेंबर, रविवार

नवीन वर्ष. वेदीवर जांभळं कापड, चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांतली एक पेटलेली.

परत आल्यावर गोदामात मेघाला विचारलं, "कॉन्व्हेंटात गादी तिकडची असते, का घरून न्यावी लागते?" ती बघतच राहिली. म्हटलं, "कापूस चांगला आणतो. जूनच्या आत भरून होईल."

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो.

आत जाजमं झटकल्याचा आवाज. मग हूं-हूं.

आता लिहीत नाही. ऐकतो.